अनेक शाळांच्या सरासऱ्यांची तुलना

(केंद्रातील शिक्षण परिषदेपुढील भाषण)



चाचणी संपते, उत्तरपत्रिका तपासून होतात आणि प्रत्येक शाळेच्या गुणांची सरासरी काढली जाते. केंद्रातील सर्व शाळांच्या सरासऱ्या एका कागदावर उतरतात, थोरलीपासून धाकटीपर्यंत त्यांची उतरंड लागते आणि तो कागद हातोहात फिरू लागतो. माथ्यावर ज्या शाळेचे नाव असते तेथील गुरुजींचे अभिनंदन होते. तळाशी ज्या शाळेचे नाव असते तेथील बाईंना सभेत मान वर करवत नाही. गावात परतल्यावर पालक विचारतात, "बाई, आपली शाळा शेवटी कशी आली?" बाईंजवळ ह्या प्रश्नाला उत्तर नसते. त्यांनी वर्षभर कष्ट केलेले असतात. आणि कागद काही खोटे बोलत नाही, असेच सर्वांना वाटत असते.

कागद खोटे बोलत नाही हे खरे. परंतु तो सगळे सांगत नाही, हेही तितकेच खरे. दहा शाळांच्या सरासऱ्या मांडल्या की त्यांतील एक सर्वांत लहान असणारच. दहाही शाळांतील अध्यापन अगदी एका तोलाचे असते तरी कोणीतरी शेवटी आलेच असते. तेव्हा शेवटी कोण आले, ह्यापूर्वी विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. सरासऱ्यांमध्ये दिसणारे अंतर निव्वळ योगायोगाने पडण्याजोगे आहे, की त्याहून मोठे आहे? ह्या प्रश्नाचा निवाडा करणारी संख्याशास्त्राची एक रीत आहे. तिला प्रचरणाचे विश्लेषण असे म्हणतात. नाव अवघड वाटले तरी तिच्यातील हिशेब बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार एवढ्यावरच भागतो. आणि तिच्या मुळाशी असलेला विचार तर शेतकऱ्याच्या घरात रोज वावरणारा आहे.

ही रीत शेतातच जन्मली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ साली सुरू झालेले एक शेतकी संशोधन केंद्र आहे. गव्हाला कोणते खत घातल्याने किती पीक येते, ह्याच्या नोंदी तेथे वर्षानुवर्षे साठत आल्या होत्या. त्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी १९१९ साली रोनल्ड फिशर नावाचे एकोणतीस वर्षांचे गणिती तेथे रुजू झाले. त्यांच्यापुढे जो पेच होता तो कोणत्याही कुणब्याला सहज कळेल. एकाच शेतात, एकाच बियाण्याचे, एकाच खताचे दोन वाफे घेतले तरी त्यांचे उत्पन्न सारखे येत नाही. एक वाफा पाटाच्या तोंडाशी असतो, दुसऱ्यावर बांधावरच्या झाडाची सावली पडते, तिसऱ्यात जमीन हलकी लागते. मग दोन निराळ्या खतांच्या वाफ्यांत अंतर दिसले, तर ते खताचे की जमिनीचे?

फिशर यांचे उत्तर साधे होते. एकच खत घातलेल्या वाफ्यांमध्ये आपसांत किती अंतर पडते ते आधी मोजावे. ते अंतर खतामुळे असू शकत नाही. ते जमिनीच्या व हवापाण्याच्या चढउतारांचे असते. निरनिराळ्या खतांच्या सरासऱ्यांमधील अंतर मग ह्या अंतराशी ताडून पाहावे. घरच्या अंतरापेक्षा बाहेरचे अंतर बरेच मोठे भरले, तरच खताला श्रेय द्यावे. १९२३ साली फिशर आणि त्यांच्या सहकारी मॅकेंझी यांनी बटाट्याच्या १२ वाणांवरील खतांच्या प्रयोगाचे ह्या रीतीने विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि १९२५ साली निघालेल्या फिशर यांच्या ग्रंथामुळे ही रीत सर्वत्र पसरली. आपल्याकडे वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला ग्रंथ १९५४ साली दिल्लीहून प्रसिद्ध झाला, आणि कृषि-महाविद्यालयांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

आता वाफ्यांच्या जागी शाळा व रोपांच्या जागी मुले घेऊन तोच विचार आकड्यांत मांडून पाहावा. पुढील उदाहरण समजुतीसाठी रचलेले आहे. इयत्ता तिसरीची २० गुणांची वाचनचाचणी आहे. वाडीची शाळा, मळ्याची शाळा आणि गावची शाळा अशा तीन शाळा आहेत आणि प्रत्येकीत पाच मुले आहेत. गुण असे पडले, असे समजावे.

वाडीची शाळा : ९, १०, १०, १०, ११. सरासरी १०.
मळ्याची शाळा : ११, १२, १२, १२, १३. सरासरी १२.
गावची शाळा : १३, १४, १४, १४, १५. सरासरी १४.

हे पहिले चित्र झाले. आता त्याच तीन शाळांचे दुसरे चित्र पाहावे.

वाडीची शाळा : ४, ७, १०, १३, १६. सरासरी १०.
मळ्याची शाळा : ६, ९, १२, १५, १८. सरासरी १२.
गावची शाळा : ८, ११, १४, १७, २०. सरासरी १४.

दोन्ही चित्रांतील सरासऱ्या अगदी सारख्या आहेत. केंद्राच्या कागदावर दोन्ही वेळा १०, १२ व १४ हेच आकडे उमटतील आणि दोन्ही वेळा वाडीच्या बाईंनाच खाली पाहावे लागेल. परंतु मुलांच्या गुणांकडे पाहताच दोन्ही चित्रांतील भेद डोळ्यांत भरतो. पहिल्या चित्रात शाळांची मुले जणू वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. वाडीचे सर्वांत हुशार मूल गावच्या सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्याही खाली आहे. दुसऱ्या चित्रात तिन्ही शाळांची मुले एकमेकांत मिसळून गेली आहेत. तेथे वाडीच्या शाळेत १६ गुणांचे मूल आहे आणि गावच्या शाळेत ८ गुणांचे. डोळ्यांना जे दिसले ते हिशेबात कसे आणावयाचे, हे आता पायरीपायरीने पाहू जाता येईल.

पहिली पायरी शाळेच्या आतील अंतराची. प्रत्येक मुलाच्या गुणांतून त्याच्या शाळेची सरासरी वजा करावी. दुसऱ्या चित्रातील वाडीच्या शाळेत ही अंतरे उणे ६, उणे ३, ०, ३ व ६ अशी येतात. ह्यांची नुसती बेरीज केली तर शून्य येते, कारण सरासरीच्या वरची व खालची अंतरे नेहमीच एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करावा. येथे वर्ग ह्याचा अर्थ संख्येला त्याच संख्येने गुणून येणारे फळ, हे निराळे सांगावयास नको. ते वर्ग ३६, ९, ०, ९ व ३६ असे आहेत आणि त्यांची बेरीज ९० होते. मळ्याच्या व गावच्या शाळेतही हीच बेरीज ९० भरते. तिन्ही मिळून २७०. पहिल्या चित्रात हीच बेरीज प्रत्येक शाळेत केवळ २, म्हणजे तिन्ही मिळून ६ आहे.

दुसरी पायरी शाळाशाळांमधील अंतराची. पंधराही मुलांची सरासरी १२ आहे. शाळांच्या सरासऱ्या तिच्यापासून उणे २, ० व २ इतक्या दूर आहेत. ह्यांचे वर्ग ४, ० व ४, बेरीज ८. प्रत्येक सरासरीमागे पाच मुले उभी आहेत, म्हणून ह्या बेरजेला ५ ने गुणावे. उत्तर ४० येते. दोन्ही चित्रांत सरासऱ्या त्याच असल्यामुळे ही ४० ची संख्याही दोन्हीकडे तीच आहे.

येथे एक सुंदर गोष्ट आढळते. शाळांचा विचार सोडून पंधराही मुलांची १२ पासूनची अंतरे घेतली आणि त्यांचे वर्ग मिळविले, तर दुसऱ्या चित्रात ३१० येतात. म्हणजे बरोबर ४० अधिक २७०. पहिल्या चित्रात ४६ येतात. म्हणजे ४० अधिक ६. एकूण विषमतेचे दोन वाटे पडतात आणि मधे काही सांडत नाही. ह्या वाटणीलाच विश्लेषण म्हणावयाचे.

तिसरी पायरी दोन्ही वाटे एका मापात आणण्याची. पाच संख्यांची सरासरी १० ठरलेली असेल, तर चार संख्या मनास येतील त्या लिहिता येतात. पाचवी मात्र आपोआप ठरते. म्हणून पाच मुलांच्या शाळेत चारच अंतरे मोकळी असतात. ह्या मोकळ्या संख्यांना स्वातंत्र्यमात्रा म्हणतात. तीन शाळांत मिळून त्या १२ झाल्या. तीन सरासऱ्यांमध्ये, त्याच न्यायाने, २ झाल्या. वर्गांच्या बेरजेला स्वातंत्र्यमात्रेने भागले की प्रचरण मिळते. शाळांमधील प्रचरण ४० भागिले २, म्हणजे २०. शाळांच्या आतील प्रचरण पहिल्या चित्रात ६ भागिले १२, म्हणजे ०.५, दुसऱ्या चित्रात २७० भागिले १२, म्हणजे २२.५.

शेवटची पायरी भागाकाराची. शाळांमधील प्रचरणाला आतील प्रचरणाने भागावे. पहिल्या चित्रात २० भागिले ०.५, म्हणजे ४०. दुसऱ्या चित्रात २० भागिले २२.५, म्हणजे सुमारे ०.८९. ह्या भागाकाराला एफ गुणोत्तर म्हणतात. अमेरिकेतील आयोवा येथील संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ साली फिशर यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून त्याला हे नाव दिले. शाळांमध्ये खरा भेद नसेल, तर ही संख्या १ च्या आसपास घोटाळते, कारण वरचे व खालचे प्रचरण तेव्हा एकाच योगायोगाची दोन मोजमापे असतात. २ व १२ ह्या स्वातंत्र्यमात्रांसाठी तयार कोष्टकात ३.८९ हा आकडा सापडतो. ह्याचा अर्थ असा की, शाळांमध्ये मुळीच भेद नसताना गुणोत्तर ह्याहून मोठे येण्याचा प्रसंग शंभरात पाचच वेळा येतो. पहिल्या चित्रातील ४० हा आकडा त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. दुसऱ्या चित्रातील ०.८९ हा आकडा १ पर्यंतही पोचत नाही. सारांश, सरासऱ्या त्याच असूनही पहिल्या चित्रात शाळांमधील भेद योगायोगाच्या माथी मारता येत नाही, आणि दुसऱ्या चित्रात वाडीच्या शाळेला मागासलेली म्हणण्यास ह्या गुणांत काहीही आधार नाही.

कोष्टकावर विश्वास ठेवून गप्प बसणे शिक्षकास रुचणार नाही, आणि रुचूही नये. ह्याचा पडताळा चिठ्ठ्यांनी घेता येतो व सातवीची मुलेही तो आनंदाने घेतील. दुसऱ्या चित्रातील पंधरा गुण पंधरा चिठ्ठ्यांवर लिहावेत, त्या डब्यात घालून हलवाव्यात आणि न पाहता पाचपाचांचे तीन ढीग करावेत. प्रत्येक ढिगाची सरासरी काढावी आणि वरच्या दुसऱ्या पायरीप्रमाणे ढिगांमधील संख्या काढावी. येथे कोणी गुरुजी नाहीत, कोणी बाई नाहीत, कोणती पद्धत नाही. ढीग निव्वळ दैवाने पडले आहेत. तरीही दहा वेळा हा खेळ केला, तर गणिताप्रमाणे चार वेळांच्या आसपास ती संख्या ४० किंवा अधिक भरते. एखादा ढीग १० च्या खाली जातो, एखादा १४ च्या वर चढतो. ज्या अंतरावरून बाईंना जाब विचारला गेला, ते अंतर डब्यातल्या चिठ्ठ्याही पाडू शकतात. पहिल्या चित्रातील गुणांच्या चिठ्ठ्या करून मात्र हजार वेळा वाटल्या, तरी ४० ची संख्या बहुधा एकदाही पडणार नाही.

येथे कोणी असे विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? दोन दोन शाळा घेऊन तुलना का करू नये? दोनच सरासऱ्यांची तुलना करण्याची रीत डब्लिनच्या एका मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टूडंट' ह्या टोपणनावाने दिलेली आहे आणि ती उत्तमच आहे. परंतु तीन शाळांच्या जोड्या तीन होतात, पाच शाळांच्या दहा आणि दहा शाळांच्या पंचेचाळीस. प्रत्येक जोडीत शंभरात पाच चुकांची मुभा ठेवली, तर जोड्या वाढतील तशी कोठेतरी एक खोटा भेद हाती लागण्याची शक्यता वाढत जाते. तुलना परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तर तीन तुलनांत ही शक्यता शंभरात १४ होते आणि पंचेचाळीस तुलनांत शंभरात ९०. शाळांच्या जोड्या पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा बदलतो. धोका मात्र तोच राहतो. पुष्कळ दारे ठोठावली की कोणते तरी उघडतेच. म्हणून आधी सर्व शाळा मिळून एकच प्रश्न विचारावा, की येथे कोठेतरी भेद आहे काय? उत्तर होकारार्थी आले, तरच कोणत्या शाळांमध्ये तो आहे हे पाहावे. आणि तेही अनेक तुलनांची भरपाई करणाऱ्या रीतीने. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी अशी एक रीत दिलेली आहे.

लहान शाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या चित्रात शाळेच्या आतील प्रचरण २२.५ आहे. त्याचे वर्गमूळ सुमारे ४.७. एकेक मूल सरासरीपासून ढोबळ मानाने इतके दूर असते. पाच मुलांची सरासरी घेतली, तर ती केवळ मुलांच्या योगायोगाने सुमारे २.१ गुणांनी वरखाली होते. तीच सरासरी ४५ मुलांची असेल, तर हा झोका सुमारे ०.७ गुणांवर येतो. पाच मुलांच्या शाळेत एका मुलाला तापात परीक्षा द्यावी लागली, किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर एका मुलीची शाळा तुटली, तर शाळेची सरासरीच हलते. मोठ्या शाळेत असा एकेक प्रसंग गर्दीत मुरून जातो. ह्यामुळेच उतरंडीच्या तळाशी पाहिले तर वस्त्यांवरच्या लहान शाळा आढळतात आणि माथ्याशी पाहिले तरी लहानच शाळा आढळतात. माथ्यावरच्या शाळेचे कौतुक व तळच्या शाळेची नाचक्की ह्यांच्या मागे पुष्कळदा एकच कारण असते, ते म्हणजे पटसंख्या. एका वर्षी शेवटी आलेली शाळा पुढच्या वर्षी वर गेली, तर तो उपदेशाचा परिणाम असेलच असे नाही. म्हणून सरासरी लिहिली जाईल तेथे तिच्याशेजारी पटसंख्या लिहिली जावी, हा किमान नियम होय.

ह्या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मर्यादा न सांगता दिलेले हत्यार देणाऱ्यालाच घातक होते.

पहिली मर्यादा अशी की, भेद खरा आहे असे कळले तरी तो कशामुळे पडला हे ही रीत सांगत नाही. पहिल्या चित्रातील गावची शाळा पुढे आहे. पण तेथील मुलांच्या घरी पुस्तके असतील, वाडीवरची मुले घरी निराळी बोली बोलत असतील, किंवा गावी दोन शिक्षक आणि वाडीवर एकच बाई चार इयत्ता सांभाळीत असतील. कारण शोधावयाचे तर वाटणी दैवाच्या हाती द्यावी लागते. फिशर यांनी वाफ्यांना खते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटावयास लावली ती ह्याचसाठी. वाचनाच्या दोन रीती ताडून पाहावयाच्या असतील, तर हुशार मुले एकीकडे व मंद मुले दुसरीकडे असे न करता चिठ्ठ्यांनी गट पाडावेत. एवढे केले तरच भेदाचे श्रेय रीतीला देता येते.

दुसरी मर्यादा शाळेत विशेष जाणवते. एका शिक्षकाच्या हाताखालची मुले एकमेकांपासून सुटी नसतात. एकच आवाज ती ऐकतात, एकमेकांकडून शिकतात. जुनी रीत एका शाळेत व नवी रीत दुसऱ्या शाळेत चालवून पाहिली, तर रीतीचा गुण आणि शिक्षकाचा गुण एकमेकांत मिसळून जातात. मग मुले शंभर असली तरी प्रयोग खऱ्या अर्थाने दोनच शाळांचा राहतो. आयोवा विद्यापीठातील लिंडक्विस्ट यांनी १९४० साली शिक्षणसंशोधकांसाठी ग्रंथ लिहून फिशर यांच्या रीती शिक्षणक्षेत्रात रूढ केल्या. शैक्षणिक प्रयोगात मुलांची संख्या जशी मोजावी, तशी शाळांचीही मोजावी लागते, हा धडा त्या क्षेत्रातील अभ्यासकांनी पुढे पुष्कळदा दुर्लक्षिला. म्हणून एखादी पद्धत एका शाळेत यशस्वी झाली, एवढ्यावरून ती केंद्रभर लादण्याची घाई करू नये. ती अनेक शाळांत पाहावी.

तिसरी मर्यादा नकाराची. दुसऱ्या चित्रात भेद सिद्ध झाला नाही. परंतु भेद नाही असेही सिद्ध झाले नाही. त्याच प्रकारे गुण पडलेली पाच मुलांऐवजी पन्नास मुले प्रत्येक शाळेत असती, म्हणजे प्रत्येक गुण दहा मुलांना मिळाला असता, तर सरासऱ्या त्याच राहूनही गुणोत्तर सुमारे १०.९ भरले असते आणि दोन गुणांचे ते अंतर खरे मानावे लागले असते. थोड्या मुलांवरून मौन पाळावे; निर्दोषत्वाचा दाखलाही देऊ नये. ह्याखेरीज गटांच्या आतील विषमता सर्वत्र साधारण सारखी असावी आणि गुण एका टोकाला फार झुकलेले नसावेत, अशीही ह्या रीतीची अपेक्षा असते. चाचणी इतकी सोपी निघाली की निम्म्या मुलांना २० पैकी २० मिळाले, तर ही अपेक्षा मोडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या चित्रातील एकूण ३१० पैकी शाळाशाळांमधील वाटा ४०, म्हणजे शंभरात सुमारे १३ आहे. उरलेले ८७ शाळांच्या आत आहेत. उतरंडीचा कागद ह्या १३ बद्दलच बोलत असतो. ८७ बद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि शिक्षकाचे काम तर तेथेच पडलेले असते. वाडीच्या शाळेत एकाच फरशीवर, एकाच फळ्यासमोर ४ गुणांचे मूल आणि १६ गुणांचे मूल मांडीला मांडी लावून बसले आहे. गावच्या शाळेची सरासरी १४ असली, तरी तेथेही ८ गुणांचे एक मूल आहे; आणि शाळा पहिली आल्याच्या आनंदात त्याच्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. संशोधक ज्याला आतील प्रचरण म्हणतो आणि हिशेबात केवळ भाजक म्हणून वापरतो, ते शिक्षकाच्या दृष्टीने नावागावाची, घरादाराची मुले असतात. त्यातील कोणाला दिसत कमी असेल, कोणी लहान भावाला सांभाळून शाळेत येत असेल, कोणाला अक्षरांची ओळख पहिलीतच अर्धवट राहिली असेल. हे कोष्टकात सापडत नाही. हजेरीपटात आणि घरभेटीत सापडते.

तेव्हा पुढील चाचणीनंतर प्रत्येक शिक्षकाने काही साध्या गोष्टी कराव्यात. सरासरी काढण्यापूर्वी फळ्यावर ० ते २० अशी एक आडवी रेघ ओढावी आणि प्रत्येक मुलाच्या गुणाजागी एक ठिपका द्यावा. नावे लिहू नयेत. शेजारच्या शाळेचे ठिपके त्याच रेघेखाली मांडावेत. दोन्ही ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर क्रमांकाची चर्चा तेथेच संपवावी. त्या वेगळ्या दिसल्या, तर केंद्रप्रमुखांच्या साहाय्याने हिशेब करावा आणि कारण शोधण्यासाठी एकमेकांच्या शाळेत जाऊन पाठ पाहावेत. दोन्ही प्रसंगी रेघेच्या डाव्या टोकाला पडलेले ठिपके कोणाचे आहेत, हे मनाशी टिपून ठेवावे आणि उद्याच्या पहिल्या तासाला त्याच मुलांपासून आरंभ करावा.

आणि गावात कोणी पुन्हा विचारले, "बाई, आपली शाळा शेवटी कशी आली?", तर बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे करावा, ग्रामस्थांच्याच हाताने तीन ढीग पाडवून घ्यावेत आणि त्यांच्यासमोर सरासऱ्या काढून दाखवाव्यात. कोणतातरी एक ढीग शेवटी येईलच. त्याला दोष द्यावयाचा तर कोणाला, हे ग्रामस्थांचे ग्रामस्थच बोलतील. त्यानंतर मग त्या शाळेतील ४ गुणांच्या मुलाविषयी बोलणे सोपे जाईल.